व्याह्यांचा चांदीचा करदोडा

दोन हजार पंचवीस साल, आणि व्याही शहात्तर वर्षांचे. जानेवारीतली थंडी होती. यवतच्या आमच्या मळ्यात मी शेवंतीच्या तोडणीला लागलो होतो, तवा शिरूरच्या दवाखान्यातून लेकीचा फोन आला. "दादा, मामंजी गेलं." मी हातातली पाटी सरीत ठेवली. आणि कुणाला खरं वाटो न वाटो, माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, "काळजानं गेलं का?" सुनंदा रडत होती, तरी तिनं मला नीट उत्तर दिलं. कारण ह्या प्रश्नाचं वजन तिला ठाऊक होतं. "न्हाई दादा. न्युमोनियाच. डॉक्टर म्हणलं, काळीज शेवटपर्यंत चांगलं चाललं." मी हुश्श केलं. माणूस गेल्याचं दुःख तर होतंच, पण त्याच्याआधी हुश्श केलं. जिंकून गेला गडी, असं मनात आलं.

सोपानराव माझे व्याही. माझी सुनंदा कारेगावात त्यांच्या घरात दिली त्याला पंचवीस वर्षं उलटून गेली. ते माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे. ह्या घरातल्या पुरुषांचं एक होतं... पन्नाशी ओलांडली की ते फार दिवस टिकत नव्हते. सोपानरावांचे वडील बावन्नाव्या वर्षी बैलगाडी जुंपता जुंपता पडले, ते उठलेच नाहीत. थोरले भाऊ त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, जवळपास त्याच वयात, एका लग्नात जिलबीचा आग्रह करत पंगतीत फिरत होते. ताटासकट खाली आले. दोघांचंही त्याआधी कधी डोकं दुखलं नव्हतं. गाव म्हणायचं, सुखानं गेले. घरातल्या बायका मात्र सोपानरावांच्या वयाकडं डोळे लावून बसल्या होत्या. आणि त्याच घरात मी लेक दिलेली.

ही सगळी हकीकत मला सोयरीक झाल्यावर कळली. सोयरिकीच्या वेळी मी बघितलं ते वेगळंच. कारेगावात तवा कंपन्या नुकत्याच उभ्या राहत होत्या. व्याह्यांची रस्त्याकडची जमीन होती, तिच्यावर त्यांनी कामगारांना भाड्यानं द्यायला खोल्या बांधल्या. औत गेलं, बैल गेले. सकाळी उठायचं, ओट्यावर खुर्ची टाकून बसायचं, चौकात जायचं तरी मोटरसायकलला किक मारायची. आम्ही गेलो तवा जेवण झाल्यावर त्यांनी ढेकर दिला, सदरा वर केला आणि कमरेचा चांदीचा करदोडा दाखवला. चांगला बोटभर जाडीचा, कडीत कडी गुंतवलेला. "पाव्हणं, लग्नात केला तवा एवढाच होता," असं म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी लहानसा गोल करून दाखवला. "आता दर दोन वर्षाला शिरूरच्या सोनाराकडं जायाचं आन् कड्या वाढवायच्या." मंडळी हसली. परत येताना गाडीत मी बायकोला, आमच्या हिराबाईला म्हणालो, घर भरलेलं हाय. ती म्हणाली, "घर भरल्यालं हाय का पोट?" पण आमच्याकडं पोट हीच श्रीमंतीची खूण. पाठीला पोट लागलेल्याला कोण मुलगी देतं?

लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी जावयाच्या कंपनीनं रांजणगावात घरच्या माणसांची तपासणी ठेवली. फुकट आहे म्हणून व्याही गेले आणि मी लेकीकडं आलेलो म्हणून मलाही ओढून नेलं. मी दारातच खुर्ची धरून बसलो. माझं अंग काडीसारखं. मला काय तपासायचं? आत एक तरणी डॉक्टरीणबाई होती. तिनं व्याह्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, बोटाचं रक्त घेतलं, आणि मग टेप काढून बेंबीवरून पोटाभोवती फिरवली. व्याही म्हणाले, "बाई, कापड शिवायचंय का?" ती म्हणाली, "न्हाई काका, काळजाचं माप घेते." व्याह्यांनी माझ्याकडं बघून डोळा मारला. "काळजाचं माप पोटावर घ्यात्यात व्हय?" बाई हसली नाही. म्हणाली, "पयलं तिथंच घेत्यात."

मग तिनं समोर बसवून सांगितलं. पोटाचा घेर वाढलाय, बीपी वाढलंय, साखर काठावर आहे. रक्तातल्या चरबीचं मोठ्या दवाखान्यात बघू, पण तीही वाढलेली असणार. एकेक गोष्ट धरली तर माणूस म्हणतो, होतं थोडंफार. पण ह्या गोष्टी एकमेकींचा हात धरून येतात. तीन जणी एकत्र आल्या की समजायचं, त्या काळजाकडं निघाल्यात. तिनं त्याचं नावही सांगितलं, मेटाबॉलिक सिंड्रोम. आणि विचारलं, "घरात कुणी अचानक गेलंय का?" व्याह्यांनी सदऱ्याची बटणं लावायला घेतली. आमच्याबरोबर आलेल्या माझ्या सुनंदानं मागून उत्तर दिलं. बाईनं गोळी लिहून दिली, मीठ, तेल, गोड कमी करायला सांगितलं, आणि रोज चालायला सांगितलं.

बाहेर आल्यावर व्याह्यांनी चिठ्ठी घडी करून खिशात घातली आणि म्हणाले, "दुखत काय न्हाई आन् गोळी कशाची?" ही त्यांची ओळ मी पुढं सहा महिने ऐकली. सुनंदा भाजीत तेल कमी घाली, तर हे ताट सारायचे. ती फोनवर रडायची. लेकीची ख्यालीखुशाली सांगायच्या निमित्तानं ते यवतला आमच्याकडं यायचे, पण आधी हायवेवरच्या ढाब्यावर उतरायचे. एकदा मी दूध घालून येत होतो तर हे महाराज बाकावर, पुढं तर्रीचा वाडगा आणि कांदाभज्यांचा ढीग. मी शेजारी जाऊन बसलो. म्हणालो, "व्याही, तुमची तब्येत सांभाळायला आलो." ते तोंड पुसत म्हणाले, "तुमच्या लेकीला सांगू नगा. ती रागावत न्हाई, नुसती बघती. त्याचंच भ्या वाटतं."

फिरले कसे, तर करदोड्यानं फिरले. डॉक्टरनं नाही, सुनेनं नाही, मी तर नाहीच नाही. करदोडा परत रुतायला लागला, तवा ते शिरूरला सोनाराकडं निघाले. त्यांची म्हातारी आई तवा होती. ती म्हणाली, "नवी चांदी कशाला घेतूस? तुझ्या दादाचा करदोडा पेटीत हाय, त्यातल्या चार कड्या काढून लावून घे." तिनं पेटीतून फडक्यात बांधलेला थोरल्या लेकाचा करदोडा काढून हातात दिला. व्याह्यांनी आपला सोडला. सोडायच्या आधी काळा दोरा बांधून घेतला, कारण कंबर मोकळी ठेवायची नाही हा आमच्यातला रिवाज. नवा बांधल्याशिवाय जुना काढत नाहीत. मग किती कड्या लागतील ते बघायला त्यांनी दोन्ही करदोडे एका हातात धरून लोंबते सोडले. टोकाला टोक. थोरल्या भावाची कंबर मरायच्या दिवशी जेवढी होती, तेवढीच ह्यांची त्या दिवशी झालेली. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं, माझ्या मळ्यात, विहिरीच्या कट्ट्यावर बसून. म्हणाले, "व्याही, मी म्हातारीला काय बोललो न्हाई. दादाचा तसाच फडक्यात बांधून दिला. म्हणलं, शिरूरला परत कवातरी जाईन. आन् मोरीत जाऊन बसलो."

दुसऱ्या दिवसापासून गडी चालायला लागला. सकाळच्या पाळीच्या कंपनीच्या बसा निघायच्या त्याच वेळेला हे रस्त्याच्या कडेनं, डोक्याला मफलर, पायात पांढरे बूट. पहिले पंधरा दिवस गावानं मजा घेतली. "सरपंचकीला उभं ऱ्हायचंय का सोपानराव?" खोल्यांतली उत्तरेकडची पोरं मोटरसायकल हळू करून म्हणायची, "चाचा, बैठ जाओ, छोड देते हैं." हे हात वर करून सांगायचे, "तुम जाव. हम आता है पीछे से." ते हिंदी ऐकून पोरं आणखी हसायची. पुढं पुढं बसचे ड्रायव्हरच ह्यांना बघून घड्याळ लावायला लागले.

गोळीचं मात्र मधे एकदा बिनसलं. वजन उतरलं, अंग हलकं झालं, तर ह्यांनी आपल्याच मनानं गोळी बंद केली. म्हणाले, बरा झालो. पुढच्या तपासणीला बीपी होतं तिथं परत. डॉक्टरीणबाईनं चांगलं फैलावर घेतलं. त्याच आठवड्यात ते आमच्याकडं आले होते. मी ठिबकचा फिल्टर धूत होतो. फिल्टरवर पाण्याच्या दाबाचा काटा असतो, त्याच्याकडं बघत ते बराच वेळ उभे राहिले. मग मला म्हणाले, "व्याही, ह्यो काटा दुखतो का कवा?" मी म्हणालो, "काटा कशाला दुखंल?" "मग वर गेल्यालं तुमास्नी कसं कळतं?" "कसं म्हंजी? बघून." ते म्हणाले, "हां. बघूनच कळतं. दुखायची वाट बघितली तर पाइप फुटतो." आणि त्यांनी त्यानंतर एकही दिवस गोळी चुकवली नाही. काटा वर जाणं हा काही पाइपचा रोग नव्हे. पुढं काय होणार ते तो आधी सांगतो, एवढंच. चौथी शिकलेल्या माणसाला एवढं कळायला हरकत नव्हती. मला कळलंही. पण मी ते त्यांच्यापुरतं धरलं. मोठं पोट त्यांचं होतं, माझं नव्हे.

मग कड्या निघायला लागल्या. शिरूरचा सोनार म्हणायचा, आयुष्यात करदोड्याला कड्या जोडल्या, काढायला आलेलं गिऱ्हाईक हे पहिलंच. काढलेल्या कड्या व्याही जपून ठेवायचे. सुनंदाला मुलगी झाली तवा त्यांनी त्या सगळ्या आटवून नातीच्या पायातले वाळे केले. बारशाला सगळ्यांच्या देखत ते म्हणाले, "माझं पोट नाचतंय बघा नातीच्या पायात." त्यांची आई हसता हसता रडायला लागली. तिच्या दोन पुरुषांनी नात पाहिली नव्हती. ह्या लेकानं पाहिली, तिला शाळेत घातली, बारावीच्या निकालाचे पेढे वाटले. वाटले सगळ्यांना, खाल्ला अर्धाच. तोही आधी सुनेकडं बघून.

मला ते सुखानं बसू देत नसत. भेटले की एकच, "व्याही, बीपी मोजून घ्या." मी म्हणायचो, "कुणाचं? माझं? माझ्या हाडाला बघा मांस लागतंय का." ते माझ्या पोटाकडं बघायचे आणि म्हणायचे, "हातपाय बघू नगा. मधलं बघा." मी सदरा ढिला घालतो, त्याचं त्यांना काय? मी जन्मात दवाखान्याची पायरी चढलो नव्हतो आणि त्याचा मला अभिमान होता. अजूनही थोडा आहे. व्याह्याच्या सांगण्यावरून दवाखान्यात जाणं म्हणजे मुलीकडच्यानं मुलाकडच्यापुढं मान तुकवणं... ते मला जमणारं नव्हतं. लग्नात तुकवली तेवढी पुरे.

शेवटची भेट शिरूरच्या दवाखान्यात. खोकल्यानं सुरू झालं आणि फुप्फुसात उतरलं. छातीचा मोठा फोटो काढायचा म्हणून नर्सबाई म्हणाली, अंगावरचं धातूचं सगळं काढा. व्याह्यांनी करदोड्यावर हात ठेवला. "आधी दोरा आणा. म्हाताऱ्या माणसाला नागवं करता व्हय?" नर्सबाई केरळची की कुठली होती, तिला काही उमजेना. सुनंदा खाली पळाली, कोपऱ्यावरच्या दुकानातून काळा दोरा घेऊन आली. जावयानं तो बापाच्या कमरेला बांधला, मग चांदीचा सोडला. व्याह्यांनी तो माझ्या हातात दिला. जड होता, अंगाच्या तापानं गरम झालेला. "खिशात ठेवा व्याही. घरी आलो का द्या." मी ठेवला. ते दम खात म्हणाले, "आन् घालून बघा येकदा."

"मला काय करायचाय तुमचा करदोडा?"

"भ्या वाटतं का?"

"कुणाला भ्या? तुमी घरी या, तुमच्यासमोर घालून दावतो. दोन वेढं बसतील मला."

ते हसले, हसण्यानं खोकला आला. मग उशाशी त्या यंत्राच्या पडद्यावर हिरवी रेघ नाचत होती, तिच्याकडं बोट करून म्हणाले, "बघा. काळीज अजून कामावर हाय. बाप गेला, दादा गेला, माझं बघा कसं चाललंय..." त्यांच्या तोंडावर अशी काही फुशारकी होती की जणू बैलगाड्याच्या शर्यतीत त्यांचीच जोडी पहिली आली. त्यानंतर चौथ्या दिवशी सुनंदाचा फोन आला.

दहाव्याला घाटावर मी करदोडा जावयापुढं धरला. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. बाबा म्हणालं हुतं, तो यवतला ठेवा, व्याह्यांचं येक काम ऱ्हायलंय." मला राग आला. मरतानाही माणसानं आपलंच खरं करावं? घरी आल्यावर मी तो खुंटीला अडकवला आणि पंधरा-वीस दिवस त्याच्याकडं बघितलं नाही. मग एका दुपारी अंघोळीला निघालो, हिराबाई शेजारी गेली होती. म्हणालो, एकदाचं दोन वेढं करून दाखवतो आणि मोकळा होतो. गेलेल्या माणसाचा घालू नये म्हणतात, पण हा त्यांनी जिवंतपणी, स्वतःच्या हातानं दिलेला. कमरेभोवती घेतला. हूक कडीपर्यंत येईना. मी पोट आत घेतलं, तरी येईना. श्वास कोंडून ओढला... चांगली चार बोटं जागा उरली.

म्हटलं, कड्या जास्त काढल्या असतील. पण व्याही काही शेवटी काटकुळे नव्हते, चांगले अंगानं भरलेले होते. मी आरशासमोर सदरा काढून उभा राहिलो. हात काडी, पाय काडी, आणि मधे एक मडकं. हे कवा झालं? माझ्या कमरेला आयुष्यभर काळा दोराच. आमच्यात दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला नवा बांधायचा, मग जुना तोडायचा आणि तुळशीत टाकायचा. नवा बांधताना अंगाला होईल तेवढा घ्यायचा, गाठ मारायची. जुना आणि नवा शेजारी धरून कुणी बघत नाही. चांदीच्या करदोड्याला कडी वाढवावी लागते, सोनाराकडं जावं लागतं, चार लोकांना कळतं. दोरा मुकाट्यानं वाढत जातो.

हिराबाई दारात येऊन उभी राहिली होती. मला वाटलं हसेल. ती म्हणाली, "उद्या जाऊ या का?" मी म्हणालो, "तू कशाला? माझा मी जातो." कुणी सांगितलं म्हणून गेलो नाही, हे मला इथं लिहून ठेवायचंय. करदोडा पुरला नाही म्हणून गेलो.

यवतच्या डॉक्टरनं दंडाला पट्टा बांधला, एकदा फुगवला, परत फुगवला. बीपी भरपूर वर. पोटाला टेप लावली, रक्त घेतलं. साखर काठावर, चरबी वाढलेली. अगदी व्याह्यांचीच कुंडली. मग छातीला चिकट्या लावून काळजाची पट्टी काढली. तो कागद डॉक्टर खालीवर बघत होता, तेवढा वेळ मी छताचा पंखा बघत होतो. मला सुनंदा आठवत होती. एका माणसाच्या वयाकडं डोळे लावून तिनं वीस-पंचवीस वर्षं काढली, आता दुसऱ्याच्या वयाकडं बघत काढायची? डॉक्टर म्हणाला, "काळीज ठीक आहे आबा. अजून काही बिघडलेलं नाही. वेळेत आलात." मी विचारलं, "खरं सांगताय का समाधानाला?" तो म्हणाला, "खोटंच ठीक आहे सांगून मी हातचा पेशंट कशाला घालवेन?" मी उठलो. पाय असे हलके झाले होते की पायऱ्या कशा उतरलो ते कळलं नाही. बाहेर हायवेवर तो जुना ढाबा दिसला. मी त्या बाकाकडं बघून म्हणालो, "व्याही, वेळेत आलो म्हणतोय." ढाब्याशेजारच्या रसवंतीवाल्याला वाटलं मी त्यालाच बोललो. तो म्हणाला, "देऊ का गिलास?" मी म्हणालो, "नगं. आता न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टरनं लिहून दिलेली गोळी घेतली आणि कालव्याच्या कडेनं चालायला निघालो. मागून दूधवाला आला, मोटरसायकल हळू केली. "आबा, बसा की, सोडतो." मी हात वर केला आणि म्हणालो, "तू हो फुडं. मी येतो मागनं." घरी येऊन खुंटीवरचा करदोडा काढला, कमरेला लावून बघितला. हूक पोचला नाही. परत खुंटीला अडकवला आणि हिराबाईला हाक मारून चहा मागितला, बिनसाखरेचा.